जुन्या गाडीतला एसी : भेसळ की परंपरा?

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक भांडण कधीच संपत नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत आता एसी बसवायचा की नाही? एक गट म्हणतो, अजिबात नाही! कंपनीतून जशी बाहेर पडली तशीच ठेवा, नाहीतर तिला जुनी गाडी म्हणू नका. दुसरा गट म्हणतो, मे महिन्यात दुपारी दोन वाजता सिग्नलला उभे राहून दाखवा, मग बोलू.

गंमत म्हणजे दोन्ही गट एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात. ती म्हणजे गाडीतला एसी ही मुळात कंपनीची वस्तू, आणि बाहेरून बसवलेला तो जुगाड. मीही असंच समजत होतो. पण गेले दोन-तीन वीकेंड या विषयावर जे मिळेल ते वाचत बसलो, तर इतिहास जवळजवळ उलटाच निघाला. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात थेट एसीपासून नको, कूलरपासून करू. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या वाळवंटी भागात लोक गाडीच्या खिडकीला बाहेरून एक नळकांड्यासारखं यंत्र अडकवायचे. आत पाणी आणि ओली जाळी. गाडी पळाली की वारा त्या जाळीतून आत यायचा आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने गार व्हायचा. म्हणजे आपल्या नागपूरचा वाळ्याचा कूलरच, फक्त चाकांवर! नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर झकास चालतो आणि मुंबईत तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो. तसंच त्याचंही होतं. हवा दमट असली की खेळ खल्लास. शिवाय गाडी थांबली की वाराही थांबला.

मग खरा एसी का नाही? तोपर्यंत एसी होता की! विलिस कॅरियरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी त्याची पहिली योजना आखली होती. अडचण होती ती आतल्या गॅसची. तेव्हाच्या यंत्रांमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू असायचे. छापखान्यात गळती झाली तर दारं उघडून पळता येतं. चार माणसं बसलेल्या बंद डब्यात गळती झाली तर काय? तोडगा निघाला जनरल मोटर्समध्ये. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली नवा वायू शोधला, तोच फ्रिऑन किंवा आर-१२. १९३० मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच श्वासात सिद्ध! (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थांची. त्यांचं आयुष्य हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता मुद्द्याची गोष्ट. १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाड्यांना एसी बसवून द्यायला सुरुवात झाली, तीही ग्राहकाच्या आधीच घेतलेल्या गाडीत. बहुतेक गिऱ्हाइकं लिमोझिनवाली. म्हणजे गाडी कंपन्यांच्या आधी बाहेरचे लोक एसी बसवत होते.

मग १९३९ साली पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी एसी जाहीर केला आणि 'एसी देणारी पहिली गाडी कंपनी' म्हणून इतिहासात नाव लावलं. पण तो बसवायचा कोण? पॅकार्डचा कारखाना डेट्रॉइटला. एसीची ऑर्डर असलेली गाडी तयार झाली की ती क्लीव्हलंडच्या 'बिशप अँड बॅबकॉक' या दुसऱ्याच कंपनीकडे जायची. तिथे एसी बसायचा आणि मग गाडी डीलरकडे. म्हणजे जगातला पहिला 'कंपनी फिटेड' एसीसुद्धा तयार गाडीत नंतर, दुसऱ्याच कारखान्यात बसवलेला होता!

आणि तो एसी होता कसा? किंमत २७४ डॉलर. तेव्हा साधी नवी गाडी सात-आठशे डॉलरांत यायची. कूलिंग कॉइल आणि पंखा मागे, अर्धी डिकी खाऊन बसलेले. कॉम्प्रेसर पुढे इंजिनाजवळ, आणि दोघांना जोडणाऱ्या लांबच लांब नळ्या, ज्या वारंवार त्रास द्यायच्या. सगळ्यात कहर म्हणजे कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन फिरतंय तोवर कॉम्प्रेसर फिरणारच. तो खरोखर बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि बेल्ट काढून ठेवा. आमच्या धंद्यात याला 'बीटा व्हर्जन' म्हणतात. १९४१ नंतर पॅकार्डने तो बंद केला.

महायुद्ध संपलं, पैसा खेळू लागला आणि १९५३ मध्ये क्रायस्लर, जनरल मोटर्स, पॅकार्ड असे सगळे पुन्हा मैदानात उतरले. तरी त्या सालच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत यंत्र डिकीतच असायचं आणि मागच्या काचेपाशी पारदर्शक नळ्या उभ्या करून गार हवा छतापर्यंत न्यायची. गाडी एका विचाराने बनली आणि एसी दुसऱ्या, हे बघताक्षणी कळावं अशी ती रचना. हे कोडं सोडवलं नॅशने, १९५४ च्या अँबॅसिडरमध्ये (नाव तेच, पण आपल्या हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसिडरशी संबंध नाही). हीटर, वारा आणि एसी हे सगळं एकत्र, गाडीच्या पुढच्या भागात. कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच. किंमत ३४५ डॉलर. नॅशला हे जमलं यात आश्चर्य नाही, कारण कंपनीचं पूर्ण नाव होतं नॅश-केल्व्हिनेटर. हो, आजी-आजोबांच्या घरच्या फ्रिजवरचं केल्व्हिनेटर तेच!

पण सामान्य माणसाच्या गाडीत एसी नेला तो टेक्सासच्या छोट्या कारखान्यांनी. डॅशबोर्डखाली टांगायचा एक चपटा डबा, त्यात कूलिंग कॉइल आणि ब्लोअर, इंजिनाला पट्ट्याने जोडलेला कॉम्प्रेसर, रेडिएटरपुढे कंडेन्सर. गाडी कुठलीही चालेल, फक्त ब्रॅकेट बदला. डॅलसची जॉन ई. मिचेल ही मूळची कापसाच्या जिनिंगची यंत्रं बनवणारी कंपनी. विदर्भातल्या वाचकांना हा धंदा सांगायला नको. तिने 'मार्क फोर' नावाचे असे एसी काढले. पुढे १९७० च्या सुमारास एकेकाळी सायकलचे डायनॅमो दिवे बनवणाऱ्या सांक्यो या जपानी कंपनीने मिचेलकडून कॉम्प्रेसरचं तंत्रज्ञान घेतलं. तीच पुढे सँडेन झाली, आणि आज जगात कुठेही जुन्या गाडीसाठी एसीचं किट मागवलं तर त्यात सँडेनचा किंवा त्याच धाटणीचा कॉम्प्रेसर निघण्याची शक्यता दांडगी. १९७६ मध्ये टेक्सासच्याच सॅन अँटोनियोत 'व्हिंटेज एअर' ही खास जुन्या गाड्यांसाठी एसी बनवणारी कंपनी निघाली. म्हणजे हा धंदासुद्धा आता पन्नाशीत आलाय.

आता जरा आपल्याकडे येऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११००, पुढे तीच प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. ही गाडी उघड्या काचांसाठीच बनलेली होती. पुढच्या दारांना ती तिकोनी छोटी काच आठवते? ती फिरवली की वाऱ्याचा झोत थेट छातीवर. तोच तिचा एसी! अशा गाडीत एसी बसवायचा म्हणजे हिशोब बघा. आतली साधारण ३ किलोवॉट उष्णता बाहेर काढायची, त्यासाठी कॉम्प्रेसर इंजिनाकडून दीड-दोन किलोवॉट मागणार, आणि ही सगळी बेरीज कंडेन्सर बाहेर टाकणार. कुठे? बरोबर रेडिएटरच्या तोंडावर. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलला, पंखा मंद, जुना डायनॅमो जेमतेम वीज देतोय आणि ब्लोअर मात्र पूर्ण वेगात. मग काटा लालकडे सरकला तर दोष कोणाचा? म्हणजे 'एसी बसवला आणि गाडी गरम व्हायला लागली' या तक्रारीत एसी बिघडलेला नसतो. तो त्याचं काम चोख करत असतो. गाडीच्या बाकी अवयवांना कोणी विचारलेलं नसतं. आमच्याकडे जुन्या सर्व्हरवर नवीन फीचर टाकलं की असंच होतं :-)

म्हणूनच मुंबईच्या निळ्या 'कूल कॅब'साठी प्रीमियरची ११८ एनई जास्त सोयीची ठरली. १९८५ मध्ये आलेल्या त्या गाडीत निस्सानचं नव्या पिढीचं इंजिन होतं. काळी-पिवळी पद्मिनी मात्र शेवटपर्यंत काचा खाली करूनच धावली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली.

या सगळ्या गारव्याची किंमतही सांगायला हवी. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं की फ्रिऑनसारखे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ चा माँट्रियल करार झाला, १९९५ मध्ये त्या दोघांना क्रुट्झेन यांच्यासोबत नोबेल मिळालं आणि त्याच वर्षअखेर विकसित देशांत आर-१२ चं उत्पादन थांबलं. म्हणजे आज 'ओरिजिनल'वाल्यांची खरी कोंडी इथे आहे. सत्तरच्या दशकातला अस्सल एसी अस्सलच ठेवायचा तर गॅसही तोच हवा, आणि तो बनणंच बंद झालंय. आर-१३४ए भरायचा तर नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं खनिज तेल त्याच्यात मिसळत नाही, जुन्या रबरी पाइपांतून तो झिरपतो आणि कंडेन्सरही बहुधा मोठा लागतो. थोडक्यात, अस्सल एसीलाही नव्या काळाशी तडजोड करावीच लागते.

माझ्या एका मित्राच्या घरी त्याच्या आजोबांची १९६६ ची फियाट आहे. त्याच्या बाबांचं वय आता सत्तरच्या पुढे. डॉक्टरांनी उन्हात फिरायला मनाई केल्यापासून मार्च ते जून गाडी कव्हरखाली. उभ्या गाडीचं काय होतं ते सांगायला नको. टायर चपटे होतात, ब्रेक धरतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकतं, सील कडक होतात. मित्र एसी बसवायचा म्हणतो. काका म्हणतात, "बाबांच्या गाडीला भोकं पाडायची नाहीत."

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. इतिहास मित्राच्या बाजूने आहे. गाडी आधी आणि एसी मागाहून, ही भेसळ नाही, १९३३ पासूनची रीत आहे. डॅशबोर्डखाली टांगलेला डबा हा त्या काळाचाच दागिना आहे. पण काकांचं वाक्यही त्याच इतिहासात बसतं. टेक्सासवाल्यांचा डबा चार बोल्ट काढले की सुटायचा. गाडी होती तशी परत मिळायची. तेव्हा मी मित्राला सुचवलंय ते इतकंच : मूळ पत्र्याला करवत लावायची नाही, जिथे कंपनीची भोकं आहेत तिथेच ब्रॅकेट, डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला तरी डायनॅमो तेल लावून जपून ठेवायचा, रेडिएटर आधी साफ आणि एसी नंतर. उद्या कोणाला गाडी पुन्हा १९६६ ची करायची असेल, तर एका रविवारात करता आली पाहिजे.

शेवटी जुनी गाडी जपायची म्हणजे नक्की काय जपायचं, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरी सोडवायचा. मला विचाराल तर फोटोसारखी चकचकीत पण चार महिने कव्हरखाली सुकणाऱ्या गाडीपेक्षा, डॅशखाली डबा टांगून भर वैशाखात रस्त्यावर धावणारी गाडी जास्त 'ओरिजिनल'. कारण कुर्ल्यातून ती बाहेर पडली होती ती चालवण्यासाठीच.