जागा कोणाची, मान कोणाचा : धर्मस्थळांच्या वादांचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याजवळच्या गोटखिंडीत 1961 साली ऐन गणेशोत्सवात जोराचा पाऊस झाला. उघड्यावर बसवलेला गणपती भिजू लागला, तेव्हा मुस्लिम गावकऱ्यांनीच मूर्ती मशिदीत आणायला सांगितली. पुढे 1980 पासून ही रीतच पडली. गावातल्या न्यू गणेश मंडळाचा गणपती उत्सवाचे दिवस मशिदीत बसतो आणि मंडळात दोन्हीकडची माणसे असतात. बकरी ईद आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा इथल्या मुस्लिमांनी कुर्बानी टाळून नमाजावर ईद साजरी केली.

त्याच सांगली जिल्ह्यातले मिरज 2009 च्या सप्टेंबरात पेटले. निमित्त गणेशोत्सवातल्या एका कमानीचे होते. तिच्यावर अफझलखानाच्या वधाचे चित्र होते. दगडफेक झाली, संचारबंदी लागली, विसर्जन खोळंबले आणि दंगलीचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोहोचले. तिथे ना मंदिराचा वाद होता, ना मशिदीचा. वाद होता रस्त्याचा. पण मिरवणूक जाते तेवढे दिवस रस्ताही पवित्र होतो आणि त्यावर काय दिसावे हा प्रश्न देवळाच्या गाभाऱ्याइतकाच नाजूक होतो.

या विषयाकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकाचे मनापासून स्वागत करताना मी ही दोन गावे मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. गोटखिंडी ही सलोख्याची आणि मिरज ही दंगलीची, अशी वाटणी करून मोकळे होता येत नाही. ज्या मिरजेत कमानीवरून डोकी फुटली, त्याच मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे गाण्याची मैफल भरते. एकाच गावात दोन्ही गोष्टी कशा नांदतात, हा या क्षेत्राचा खरा प्रश्न आहे.

जगभर या प्रश्नाला दोन मोठी उत्तरे दिली गेली आहेत. राज्यशास्त्रज्ञ रॉन हासनर यांनी 2009 च्या आपल्या ग्रंथात मांडले की पवित्र जागेची फाळणी होऊच शकत नाही. जमिनीच्या तंट्यात अर्धे तुझे, अर्धे माझे करता येते, तसे इथे चालत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेडन यांचे म्हणणे वेगळे आहे आणि त्याचे मूळ आपल्याच मातीत आहे. 2002 च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात बोस्नियाच्या जोडीला पाथर्डी तालुक्यातली मढी आहे. हिंदूंसाठी ती कानिफनाथांची समाधी, मुस्लिमांसाठी शाह रमजान यांचा दर्गा. हेडन म्हणतात, अशा ठिकाणी दिसणारी सहिष्णुता प्रेमाची नसते. एकाला दुसऱ्यावर पुरती मात करता येत नाही, म्हणून ती टिकते. पारडे झुकले की ती संपते. याच मढीच्या ग्रामसभेने 2025 च्या फेब्रुवारीत यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना मज्जाव करणारा ठराव केला, तेव्हा अनेकांना हेडन आठवले असतील.

मला मात्र ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. जागा वाटता येत नाही हे खरे, पण वेळ वाटता येते, क्रम वाटता येतो, काम वाटता येते. गोटखिंडीने वेळ वाटली. मिरजेच्या दर्ग्याने क्रम वाटला. कडेगावच्या मोहरमात गगनचुंबी ताबूत उठतात, तेव्हा हिंदू-मुस्लिम दोघांचेही हात आणि मान त्यात असतात. आष्ट्याचा चौंडेश्वरीचा उत्सव, म्हणजे भावई घ्या. तिथे वाद नाही, म्हणूनच ती शिकण्यासाठी उत्तम. जोगणी कोणी खेळायची, कोणत्या विधीचा मान कोणाकडे, हे परंपरेने ठरलेले असते आणि जाणती माणसे ते न अडखळता सांगतात. हा मानपान हाच गावाचा अलिखित करारनामा असतो. त्याकडे रूढी म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या अभ्यासकाला वादाचे मूळ कधीच सापडणार नाही.

हा करार कागदावर यायला लागतो तेव्हा पेच सुरू होतो. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा. त्याखाली स्थळाची नोंद होते धर्मादाय आयुक्तांकडे, नाहीतर ते जाते वक्फ मंडळाकडे. दोघांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जागेला नोंदवहीत एकच रकाना मिळतो. मग दिवाबत्ती कोण करते हा प्रश्न मागे पडतो आणि मालक कोण हा पुढे येतो. माझ्या मते आजच्या पुष्कळ वादांची धार इथे लागलेली आहे, श्रद्धेत नाही.

वाद फक्त दोन धर्मांत असतो असेही नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले. त्याच मंदिरातले बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने काढले आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला 2014 उजाडले. देव एक, भक्त एक, तरी एक्केचाळीस वर्षे. गाभाऱ्याची किल्ली आणि दानाचे ताट यांचे वजन त्यावरून कळावे.

आता गडांकडे या. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. त्याच तारखेला 2022 मध्ये प्रशासनाने त्याच्या कबरीभोवतीची बांधकामे पाडली. कारण वनजमिनीवरच्या अतिक्रमणाचे दिले, दिवस मात्र शिवप्रतापदिनाचा निवडला. विशाळगडावरच्या बांधकामांविरुद्धही भाषा अतिक्रमणाचीच होती. पण 14 जुलै 2024 रोजी जमाव पायथ्याच्या गजापुरात शिरला आणि तिथली मशीद व घरे फोडली गेली, ती गडावर नव्हतीच. महसुली कागद आणि इतिहासाची तारीख एकमेकांत कशी गुंतते, हे दाखवणारी ही प्रकरणे अजून नीट अभ्यासली गेलेली नाहीत. तरुण अभ्यासकांनी ती हाती घ्यावीत अशी माझी तळमळ आहे. त्यासाठी फारसी येणारे, मोडी वाचणारे आणि तलाठ्याच्या दप्तरात बसायची चिकाटी असणारे, असे तिघेही लागतील.

कायद्याच्या बाजूने एक दार विशेष उघडे आहे. 1991 चा उपासनास्थळ कायदा सांगतो की 15 ऑगस्ट 1947 रोजी स्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते तेच राहील. अयोध्या त्यातून वगळली होती. 12 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने अशा स्थळांबाबत नवे दावे नोंदवून घेऊ नयेत असा अंतरिम आदेश दिला. मात्र याच कायद्यात प्राचीन स्मारकांना सूट आहे. संरक्षित गडकोटांवरची मंदिरे आणि दर्गे यांच्याबाबत ही सूट कुठवर लागू पडते, याचा तालुकावार धांडोळा मराठीत कोणीतरी घ्यायला हवा. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतूनच सुरुवात केली, तरी एक प्रबंध सहज भरेल.