तळ्यातला मासा काय खातो?

शाळेतल्या काचपेटीत गोल्डफिशला चिमूटभर खाद्य टाकताना एखादा मुलगा विचारतो, “मग गावच्या तळ्यातल्या माशांना कोण खायला घालतं?” साकोलीच्या शाळेत तर हा प्रश्न यायलाच हवा, कारण भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही.

इथली बहुतेक तळी निसर्गाने दिलेली नाहीत. गोंड राजवटीत आणि पुढे भोसल्यांच्या काळात कोहळी समाजाने ओढ्या-नाल्यांना पाळ घालून ती बांधली. हेतू होता भात आणि ऊस भिजवण्याचा. साकोली तालुक्यातला शिवनीबांध त्यांपैकीच. शेजारच्या नवेगावबांधाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. इंग्रजी अमलात ही तळी मालगुजारांकडे गेली आणि ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडले. त्यांत मासे धरले ते ढिवरांनी. पण या माशांना कुणी दाणा टाकल्याचे ऐकिवात नाही.

त्याची गरजच नव्हती. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी मागे सरते, उघड्या पडलेल्या गाळावर गवत उगवते, गुरे चरतात, शेण पडते. पावसाळ्यात हे सारे पाण्याखाली जाऊन कुजते. त्यातून मोकळ्या झालेल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ वाढते, शेवाळावर पाणपिसवांसारखे जीव पोसले जातात, त्यांवर लहान मासे आणि लहान माशांवर मरळ. पाण्यात बुडालेल्या वनस्पती या साखळीचा आधार. त्यांच्या पानांवर शेवाळ आणि किडे असतात. त्यांच्या आडोशाला कित्येक मासे अंडी घालतात.

हीच साखळी काचेच्या भांड्यात बसवता येईल का, हा प्रयत्न लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने केला आणि १८५० साली तो प्रसिद्ध केला. त्याने दोन गोल्डफिशबरोबर व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली (पाण्यावरच्या परागणाचे उदाहरण म्हणून आपण जिचे चित्र फळ्यावर काढतो, तीच). काही दिवसांत पाने कुजून पाणी गढूळ झाले. मग त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले आणि गोगलगाईंची अंडी माशांना खायला मिळू लागली. घरगुती मत्स्यपेटीचा इतिहास लिहिताना या प्रयोगाचे नाव घ्यावेच लागते.

पण घरोघरी आलेल्या पेट्यांत मासे जास्त, वनस्पती कमी आणि गोगलगाई नाहीतच. म्हणून खाद्य बाहेरून आले: आधी जिवंत पाणपिसवा व ट्यूबिफेक्स अळ्या, मग १९५० च्या दशकात जर्मनीत उलरिख बेन्श यांनी तयार केलेले कोरडे पापुद्रे. सोय झाली, जबाबदारीही वाढली. बहुतेक माशांना ‘क’ जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. ते कमी पडले तर पाठीचा कणा वाकतो. आणि ते हवेने नासते, तेव्हा वर्षभर उघडा राहिलेला डबा फेकून द्यावा हे बरे. गोल्डफिश, रोहू, कटला एकाच कुळातले. या कुळातल्या माशांना जठर नसते. एकदाच भरपूर टाकण्यापेक्षा थोडे थोडे दोन-तीनदा द्यावे ते यासाठी. उरलेले कुजून अमोनिया होतो. पेटीतले मासे उपासापेक्षा या लाडानेच अधिक मरतात.

आता पुन्हा तळ्याकडे. १९५१ मध्ये मालगुजारी संपून तळी सरकारकडे आली. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज नदीतून पकडावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, आणि बीज हवे तेवढे मिळण्याचा मार्ग खुला झाला. १९५९ मध्ये गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे परदेशी मासे भारतात आले. पुढे मिश्र मत्स्यशेतीची शिफारस झाली. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, शिवाय वरून धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप. शेततळ्यासाठी हिशेब चोख होता. शंभर एकरांच्या तळ्यात रोज ढेप टाकणे मात्र मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला कसे परवडणार? गवत्या तर पाणवनस्पतींवरच जगतो. तळ्याने फुकट दिलेला आहार आणि अंडी घालायची जागा, दोन्हींवर त्याने तोंड टाकले. त्यात बेशरमीची झुडपे काठ व्यापत गेली. ढिवरांच्या जाळ्यात गावठी मासे कमी येऊ लागले.

शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात (१९९९ पासून गोंदिया जिल्हा) भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर स्त्री-पुरुषांनी या शतकात काही तळ्यांत उलटा क्रम धरला. बेशरम उपटली आणि तळाच्या चिखलात पाणवनस्पती हाताने लावल्या. कुठल्या लावायच्या, हे जुन्या मच्छीमारांना विचारून ठरवले. त्यांत हायड्रिला होती आणि वॉरिंग्टनच्या भांड्यातली व्हॅलिस्नेरियाही.