मूत्रल औषधे

मूत्रल औषधे ही मूत्रपिंडांवाटे सोडियम व पाणी बाहेर टाकण्यास मदत करणारी औषधे होत. उच्च रक्तदाबात क्लोरथॅलिडोनसारखी थायाझाइड गटातील औषधे देतात. हृदयविफलतेत (हृदय बंद पडणे नव्हे, त्याची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता अपुरी पडणे) सूज व धाप उतरविण्यासाठी प्रामुख्याने फ्युरोसेमाइड वापरले जाते.

धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसपलीकडे जाते. घामाने पाणी व क्षार घटलेले असताना एरवीची मात्राही जास्त ठरून चक्कर येणे, पायांत गोळे येणे किंवा मूत्रपिंडांना इजा होणे संभवते. अशा वेळी रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनीन तपासून डॉक्टर मात्रा बदलतात. हृदयविफलतेच्या रुग्णाने गोळी परस्पर सोडल्यास मात्र पाणी पुन्हा साठू लागते. ३ दिवसांत २ किलोहून अधिक वजन वाढणे ही त्याची ठळक खूण मानतात.