मूतखड्यावरील दुर्बीण शस्त्रक्रिया : वृद्धांमधील सुरक्षितता

मूत्रपिंडातील खडा मोठी चीर न घेता काढण्याच्या पद्धती आणि साधारण ७० वर्षांपुढील रुग्णांत त्यांपासून संभवणारे धोके. १९७६ मध्ये फर्नस्ट्रोम व योहान्सन या स्वीडिश डॉक्टरांनी पाठीतून छिद्र पाडून खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. ‘पीसीएनएल’ म्हणतात ती पद्धत हीच. २ सेंमी.पेक्षा मोठ्या खड्यासाठी आजही तीच प्रथम पसंती. लहान खडा मूत्रमार्गातून लवचीक दुर्बीण वर नेऊन लेसरने फोडतात (आरआयआरएस).

नुसत्या वयावरून शस्त्रक्रिया नाकारणे योग्य नाही. ५,८०३ रुग्णांच्या एका जागतिक पीसीएनएल नोंदीतील ७० वर्षांवरील रुग्ण वेगळे काढून पाहिले, तेव्हा खडा पूर्ण निघण्याचे प्रमाण तरुणांच्या जवळपास आढळले. गुंतागुंत मात्र अधिक होती.

यांत सर्वांत घातक जंतुसंसर्ग. खड्यात दडलेले जंतू तो फुटताना मोकळे होतात आणि आत सोडलेल्या सलाइनचा दाब वाढला की रक्तात शिरतात. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी पुष्कळदा तापही येत नाही. तो बरळू लागतो किंवा रक्तदाब घसरतो, आणि घरच्यांना वाटते भूल उतरलेली नाही. म्हणून लघवीचे कल्चर आधी करून संसर्गावर उपचार करतात, दाब कमी ठेवतात आणि काम लांबू लागले तर उरलेला खडा पुढच्या वेळेसाठी सोडतात. हे सोडणे कमीपणाचे नव्हे.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. अनेकांना हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्या परस्पर बंद केल्यास हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट तुंबून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांसह घ्यावा लागतो. गोळ्या थांबवणे शक्यच नसेल, तर आरआयआरएस हा बरा पर्याय. बाहेरून लहरींनी खडा फोडणे (लिथोट्रिप्सी) अशा रुग्णात टाळतात.

पीसीएनएलचे छिद्र पूर्वी ८ ते १० मिमी. असे. ‘मिनी’ प्रकारात ते बरेच लहान झाले. गुजरातमधील नडियाद येथील महेश देसाई व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जेमतेम १.६ मिमी.च्या सुईतून केलेल्या ‘मायक्रोपर्क’चे अनुभव मांडले. पालथे झोपवल्याने दम लागणाऱ्या किंवा स्थूल रुग्णात उताण्या स्थितीतही पीसीएनएल करता येते.

त्रास न देणारा, संसर्ग वा अडथळा नसलेला लहान खडा पुष्कळदा नुसता सोनोग्राफीने पाहत राहिला तरी चालतो. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत ठेवलेली डीजे नळी मात्र ठरल्या तारखेला काढलीच पाहिजे. विसरली गेल्यास तिच्यावरच नवे खडे जमतात.