चिमूटभर मीठ

परवा मी कौतुकानं सैंधव आणलं, तर नात म्हणाली, "आजोबा, यात आयोडीन आहे का?" आयोडीन नसलं की गलगंड होतो, एवढंच मी वर्गात जन्मभर शिकवलं. पोटातल्या बाळाचा मेंदूही त्यावर घडतो, हे निवृत्तीनंतर वाचलं.

स्वित्झर्लंडनं १९२२ मध्येच मिठात आयोडीन घातलं. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनचं मीठ दिलं, एका भागाला साधं. आयोडीनच्या भागांत गलगंड झपाट्यानं घटला. मेंदूचं कोडं मात्र उलगडलं पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत. १९६६ पासून तिथं निम्म्या कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. दिवस राहण्याआधीच तेल मिळालेल्या आयांची मुलं जन्मजात मतिमंदत्व आणि बहिरेपणातून जवळजवळ सगळी वाचली. त्या कामातले ऑस्ट्रेलियाचे डॉ. हेट्झेल पुढे देशोदेशीच्या तज्ज्ञांना घेऊन १९८६ मध्ये काठमांडूत जमले आणि आयोडीनसाठी जागतिक संघटना उभी राहिली.

सातपुड्याच्या पायथ्याशी माझी पहिली नोकरी. गळा सुजलेली एक मुलगी वर्गात होती. तिला मी 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. कारण आयोडीन होतं की आणखी काही, कोण जाणे. तेव्हा मी विचारलंही नाही.

असो. सैंधव दुकानात परत दिलं.