देविकचा आजार आणि उंदराच्या मेंदूचे काप

१८९४ साली फ्रान्समधील लियाँ येथे यूजेन देविक यांनी दृष्टी आणि पाय दोन्ही गमावलेल्या रुग्णाची हकिकत मांडली. आजाराला त्यांचे नाव चिकटले. पण पुढे कितीतरी दशके बहुतेक डॉक्टर त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचाच, म्हणजे एमएसचा, एक प्रकार समजत राहिले.

शंकेला जागा होती ती पाठीतल्या पाण्यात. कंबरेत सुई घालून ते काढण्याची रीत कीलच्या हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्येच दाखवली होती. १९४२ मध्ये एल्विन काबाट यांना एमएसच्या रुग्णांच्या पाण्यात गॅमा ग्लोब्युलिन वाढलेले आढळले. पुढे त्याचे वेगवेगळे पट्टेही दिसू लागले. देविकच्या रुग्णांत मात्र हे पट्टे बहुधा नसत. आता मागे वळून पाहताना हे पुरेसे बोलके वाटते खरे. पण काहीतरी नाही, एवढ्यावरून आजार वेगळा ठरवणे सोपे नव्हते.

निकाल दिला तो रक्ताने. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये व्हँडा लेनन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे सीरम उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांवर घातले. चकाकणाऱ्या रंगामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या कडा उजळून निघाल्या. २००४ मध्ये ही प्रतिपिंडे जाहीर झाली. जपानमध्ये डोळे व मज्जारज्जूपुरता एमएस मानलेल्या अनेकांतही ती सापडली. २००५ मध्ये त्यांचे लक्ष्य कळले: पेशींतून पाणी ये-जा करू देणारे अ‍ॅक्वापोरिन-४.

वाद नुसता नावाचा नव्हता. एमएसवरचे इंटरफेरॉन या आजारात झटके वाढवू शकते. म्हणजे एमएस समजून ते टोचत राहिले, तर जी नजर वाचवायची तीच जाण्याचा धोका.