पाथरीहून थेट चीनमध्ये: नव्या शहरातले पहिले ३० दिवस कसे असतात?

पाथरीतून मुंबई गाठायची तर आधी मानवत रोड स्टेशनवर जाऊन रेल्वे पकडावी लागते. तिथून पुढे विमान, मग दुसरं विमान, आणि मग असं एक शहर जिथे पाटीवरचं अक्षरही ओळखीचं नसतं. तरीही मराठवाड्यातली मुलं-मुली एमबीबीएससाठी चीनचा पर्याय शोधतात. नीटमध्ये मार्क थोडक्यात हुकलेले असतात, खासगी कॉलेजची फी झेपत नाही आणि एजंट सांगतो, "सगळं होऊन जातं, टेन्शन घेऊ नका." काही जण व्यापारासाठी यीवूसारख्या घाऊक बाजाराच्या शहरातही जातात.

पण तिथे उतरल्यावर पहिल्या महिन्यात नेमकं काय करावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तेच इथे एकेक करून समजून घेऊ.

पहिले २४ तास: पोलिसांकडे नोंद

चीनच्या कायद्यानुसार, हॉटेल सोडून इतर कुठेही राहणाऱ्या परदेशी माणसाला पोहोचल्यापासून २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे राहण्याच्या पत्त्याची नोंद करावी लागते. हॉटेलात असाल तर हे काम हॉटेलवाले करतात. भाड्याच्या खोलीत किंवा ओळखीच्या माणसाकडे उतरलात, तर जबाबदारी तुमची आणि घरमालकाची. नोंद केली नाही तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. खोली बदलली की नोंद पुन्हा करायची.

३० दिवस: खरी मुदत ही आहे

१८० दिवसांपेक्षा जास्त शिकायला जाणाऱ्यांना 'एक्स-१' आणि नोकरीसाठी जाणाऱ्यांना 'झेड' व्हिसा मिळतो. अनेकांना वाटतं की व्हिसा मिळाला म्हणजे काम झालं. तसं नाही. हा व्हिसा फक्त आत येण्यापुरता असतो. आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी आरोग्य तपासणीही असते.

मुदत संपल्यावर परवानगीशिवाय राहिलं तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड होतो. प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीही होऊ शकते. आणखी एक गोष्ट: शिक्षणाच्या परवान्यावर परवानगी न घेता पार्ट टाइम नोकरी करणं बेकायदेशीर आहे. "तिथे जाऊन काम करून खर्च काढू" असा हिशेब करून कर्ज काढू नये.

घरी फोन कसा करायचा?

सगळ्यात जास्त धक्का इथे बसतो. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि फेसबुक बंद आहेत. तिथे सगळा कारभार वीचॅटवर चालतो: वर्गाचा ग्रुप, घरमालक, दुकानदार, सगळे तिथेच. पण भारत सरकारने २९ जून २०२० ला ज्या ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात वीचॅटही होतं. म्हणजे मुलाकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही आणि पाथरीतल्या आईकडे वीचॅट नाही.

यातून मार्ग काय? भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर इंटरनेट भारतीय कंपनीच्या नेटवर्कमधून येतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप साधारणपणे चालतं. पण ते महाग पडतं. साधा आंतरराष्ट्रीय कॉल हा दुसरा पर्याय. सरकारची मान्यता नसलेलं व्हीपीएन चीनमध्ये बेकायदेशीर आहे, हे माहीत असलेलं बरं. भारतीय सिम चालू ठेवणंही गरजेचं आहे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

घरच्यांनी वेळही लक्षात ठेवावी. अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ चालते आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पाथरीत रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे बारा वाजलेले असतात.

खिशात पैसे आहेत, पण देणार कसे?

भाजीवाल्यापासून मेट्रोपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड आहे. हे आपल्याला नवीन नाही, पण तिथे आपलं यूपीआय चालत नाही. अलीपे आणि वीचॅट पे ही दोन तिथली मुख्य साधनं. त्यांना परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे शुल्क घेत नाही, त्याच्या वर ३ टक्के लागतात.

निघण्याआधी एक काम नक्की करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नव्या कार्डवर परदेशी व्यवहार आधीपासूनच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन ते चालू करून घ्या. थोडे रोख युआनही जवळ ठेवा.

तिथलं सिम कार्ड पासपोर्ट दाखवून मिळतं. बँक खातं, पेमेंट, डिलिव्हरी सगळं त्या नंबरला जोडलेलं असतं. फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहायचं. आपल्याकडे नावात वडिलांचं नाव असतं. एका ठिकाणी ते लिहिलं आणि दुसरीकडे गाळलं, की खातं अडकतं.

जेवण, पाणी आणि दवाखाना

बाजारात भाव 'जिन'मध्ये सांगतात. एक जिन म्हणजे अर्धा किलो. किलोचा भाव समजून खरेदी केली तर पिशवी अर्धीच भरते. बोलताना युआनला 'क्वाय' म्हणतात.

शाकाहारी लोकांसाठी 'वो छ्र सू' (मी शाकाहारी आहे) हे वाक्य कामाचं. तरीही विचारून घ्यावं, कारण भाजीतही खिमा किंवा डुकराची चरबी असू शकते. हलाल जेवणासाठी 'छिंगजेन' हा शब्द आहे. अनेक विद्यापीठांत वेगळं छिंगजेन कॅन्टीन असतं. रस्त्यावर जागोजागी दिसणारी लान्चोऊ नूडल्सची दुकानंही याच प्रकारची, पण तिथला रस्सा गोमांसाचा असतो. जे गोमांस खात नाहीत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

नळाचं पाणी थेट पीत नाहीत, उकळलेलं गरम पाणीच पितात. भाकरीसाठी तवा न्यायचा विचार असेल तर आधी हॉस्टेलचे नियम बघा. जास्त वॅटच्या शेगड्यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते.

आजारी पडल्यावर गल्लीतल्या डॉक्टरकडे जाण्याची पद्धत तिथे फारशी नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं, पासपोर्ट दाखवून आधी नोंदणीचे पैसे भरायचे, मग नंबर लागतो. तातडीचे नंबर: पोलीस ११०, अग्निशमन ११९, रुग्णवाहिका १२०.

भाषा: मराठी डॉक्टरचं उदाहरण

इथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव येतंच. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धग्रस्त चीनमध्ये गेलं, त्यात ते होते. पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी चीनसाठी वापरला जाणारा 'हुआ' हा शब्द जोडला. कोटणीस झाले 'क दीहुआ'. ते चिनी भाषा शिकले, रुग्णांशी त्यांच्या भाषेत बोलू लागले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचं तिथेच निधन झालं.

आजच्या विद्यार्थ्यालाही भाषा सुटत नाही. वर्गात शिकवणं इंग्रजीत असलं तरी वॉर्डातला रुग्ण चिनीतच दुखणं सांगणार.

आणि मूळ प्रश्न: डिग्री भारतात चालेल का?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि ज्या देशात शिकलात तिथे डॉक्टरकी करण्याची पात्रता, या अटी आहेत. त्यानंतर भारतातली परीक्षा. बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून ही परीक्षा देणाऱ्यांपैकी फक्त १६ टक्के पास झाले.

म्हणून एजंटला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: शिकवण्याचं माध्यम, इंटर्नशिप कुठे होणार आणि तिथली डॉक्टरकीची पात्रता मिळण्याचा मार्ग. या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर शेत गहाण टाकायची घाई करू नका. आणि गेलातच, तर बीजिंगचा दूतावास, शांघाय आणि क्वांगचोऊ इथले भारतीय वाणिज्य दूतावास यांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. विमानतळावर गूगल उघडणार नाही.